गावाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात शीव आणि सातबाऱ्यापासून

प्रश्न थोडक्यात असा: पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातलं दीड-पावणेदोन हजार वस्तीचं गाव. ग्रामपंचायतीला गावाचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा आहे. हाताशी जुना कागद नाही. देवळाजवळ काही कोरीव दगड आहेत, आणि गाव पांडवांच्या काळातलं असल्याचं म्हातारी माणसं सांगतात. सुरुवात कुठून करायची, कागद कुठे मिळतात आणि त्यातलं काय खरं धरायचं?

आजपासून मागे जात राहा, हे माझं पहिलं सांगणं. बहुतेक ग्रामइतिहासांत सुरुवातीची तीस-चाळीस पानं सातवाहन, यादव, बहमनी, शिवकाल अशी भरलेली असतात. ती पानं कोणत्याही गावाच्या पुस्तकात चालतील अशी असतात, आणि आपलं गाव त्यात उगवतं ते थेट शाळेच्या इमारतीच्या उद्घाटनाला. उलट दिशेने गेलात तर प्रत्येक पायरीला पुरावा हाताशी असतो आणि जिथे पुरावा संपतो ती जागाही नेमकी कळते. गावाचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्याच्या जमिनीचा, पाण्याचा आणि वस्तीचा इतिहास. त्याचे कागद गावागणिक आहेत, फक्त ते वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेले असतात.

पहिल्या महिन्यात जुने कागद शोधायला कुठल्याही दफ्तरात जाऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा घ्या, त्याच्या मोठ्या प्रती काढा आणि शीव चालून या. बरोबर गुराखी, जुना कोतवाल आणि शेतावर राबलेल्या दोन-तीन बायका असू द्या. प्रत्येक शेताचं, ओढ्याचं, टेकाडाचं, विहिरीचं बोलीतलं नाव नकाशावर लिहा. जोशीकी, गुरवकी, सुतारकी, मुलाणकी ही नावं आली की ती बलुत्याची किंवा सेवेची इनामजमीन होती असं समजा. हाडकी, हाडवळा म्हणजे महार वतनाची जमीन. ‘देवाचं’ म्हणजे देवस्थान इनाम. ‘जुनं गावठाण’, ‘पांढरी’, ‘ओसाडी’ ही नावं जिथे असतील तिथे वस्ती हललेली असण्याची शक्यता मोठी. ‘शेत’ एवढंच ऐकून थांबू नका. ‘ह्याला काय म्हणता?’ हा प्रश्न प्रत्येक तुकड्याला विचारा. ही नावं सातबाऱ्यावर क्वचितच असतात आणि ती सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे, म्हणून हे काम सगळ्यांत आधी.

मग सातबारा. इथे बरेच जण अडकतात ते गट नंबरात. मुंबई राज्यात 1947 सालच्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर जिथे एकत्रीकरण योजना झाली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. 1930 च्या फेरफारातला (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीतला) ‘स. नं. 42’ आणि आजचा ‘गट 42’ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन्हींची सांगड घालायला एकत्रीकरण योजनेचा 9(3)-9(4) चा उतारा लागतो, तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. आधी जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर असा पूर्ण गावाचा तक्ता करून ठेवा. तो न करता लिहिलेला ग्रामइतिहास जमिनीच्या बाबतीत हमखास चुकतो. एकाचं इनाम दुसऱ्याच्या नावावर छापलं जातं आणि पुस्तकापायी गावात भांडण लागतं.

तक्ता झाला की गाव नमुना 6, म्हणजे फेरफार, अगदी पहिल्या क्रमांकापासून वाचा. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, त्यामुळे पहिले फेरफार साधारण त्या सुमाराचे सापडतात. जुने बरेचसे मोडीत असतात. अनेक जिल्ह्यांचे सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन महसूल विभागाच्या अभिलेख संकेतस्थळावर आहेत. बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा साधा अर्ज करा. गावाचं नाव, नमुना क्रमांक आणि सालाचा पल्ला नेमका लिहा. ‘आमच्या गावची सर्व जुनी कागदपत्रं मिळावीत’ असा अर्ज केला तर तो पडून राहतो.

फेरफारात काय बघायचं? वारसनोंदी सगळेच बघतात. गहाणखतं आणि मुदतखरेद्या (मुदतीत परत घेण्याच्या अटीवरच्या विक्री) एका वेगळ्या वहीत उतरवून घ्या. एकाच सावकाराचं नाव पाच-दहा वर्षांत किती शेतांवर चढतं ते बघा आणि त्या सालांशेजारी पावसाची स्थिती लिहा. फेरफार सुरू होण्याआधीच 1876-78, 1896-97 आणि 1899-1900 हे दुष्काळ दख्खनच्या गावांना मोडून गेले होते. 12 मे 1875 ला सुपे गावात सावकारांविरुद्ध उठाव झाला, त्याआधीचा कर्जाचा फास कसा आवळत गेला हे तुमच्याच शेजारच्या तालुक्यांतलं आहे. पुढे 1 एप्रिल 1957, कुळकायद्याचा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक धरली गेली तो दिवस. त्यानंतरच्या फेरफारांत कलम 32-ग च्या नोंदी येतात. कोण कूळ होतं, कोण मालक, कोणाची किंमत ठरली आणि कोणाचा हक्क ‘कूळ नाही’ म्हणून गेला, हे गावाच्या विसाव्या शतकातलं सगळ्यांत मोठं पान आहे. ते वगळून लिहिलेलं पुस्तक मला तरी अपुरं वाटतं.

इनामाच्या शेऱ्यांतला वर्गही लिहून घ्या. वर्ग 3 म्हणजे देवस्थान, 6-ब म्हणजे सरकारी कामाची सेवा करणाऱ्या महार, रामोशी यांसारख्यांची वतनं. कुलकर्णी आणि परगणे वतनं 1950 च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या, आणि मुलकी पाटलांचं वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्याने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या जाचाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं ते 1928 साली. जमीन खालसा (सरकारजमा) झाल्यावर ती मूळ वतनदाराला परत मिळाली का, नजराणा कोणी भरला, नव्या शर्तीची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन पुढे कोणाच्या हाती गेली, हे फेरफारांतून ओळीने वाचता येतं.

त्याच्याही मागे इंग्रजी पैमाशीचे, म्हणजे जमीनमोजणीचे कागद. पुणे भागात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली पाहणी 1820 च्या दशकाअखेरीस झाली आणि फसली. आकारणी जड होती, हाताखालच्या नोंदी खोट्या निघाल्या आणि लोकांनी जमिनी सोडल्या. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी केली, 1836 ला तिथे तीस वर्षांची जमाबंदी लागू झाली आणि तीच पद्धत पुढे इलाखाभर गेली. तुमच्या गावची पहिली मोजणी कोणत्या साली झाली हे टिपण, शेतवार पत्रक, आकारबंद आणि प्रतवारीच्या पुस्तकांवरून कळतं. टिपणावर शेताची आकृती, मोजमाप, कधीकधी विहीर आणि शेजारच्या शेतांचे नंबर असतात. मोजणीची साखळी 33 फुटांची. एक साखळी औरसचौरस म्हणजे 1 गुंठा, 1,089 चौरस फूट, आणि 40 गुंठ्यांचा एकर. पहिल्या मोजणीत किती एकर लागवडीखाली, किती पड, किती गायरान, हा हिशेब आजच्या आकड्यांशेजारी ठेवा. गायरानाचं काय झालं हा प्रश्न बहुतेक गावांना हादरवून सोडतो.

माणसांसाठी दोन नोंदवह्या सोन्यासारख्या. पहिली गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्म आणि मृत्यूच्या नोंदी, जात, वय, मृत्यूचं कारण. 1896 नंतरच्या प्लेगच्या वर्षांत आणि 1918 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या इन्फ्लुएंझात पानंच्या पानं भरलेली दिसतात. महिन्यावार मोजा आणि आकडे मांडा, त्याला विशेषणं लागत नाहीत. ‘तापाने’ एवढंच कारण लिहिलेलं असतं, त्यावरून रोग ठरवू नका. दुसरी नोंदवही शाळेचं जनरल रजिस्टर. पहिल्या नोंदीवरून शाळा कधीपासून ते कळतं. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, दलित वस्तीतलं पहिलं मूल कोणत्या साली, ‘शाळा सोडल्याचं कारण’ या रकान्यात काय लिहिलंय, हे तिन्ही जरूर काढा. दोन्ही नोंदवह्यांतली जुनी पानं मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 नंतर अशा हजारो नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या आहेत, तिथे तालुका-गावाप्रमाणे आधी शोधा.

आता पेशवाईकडे. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात, हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. इमारत 1891 ची. तिथे ‘माझ्या गावाचा कागद द्या’ म्हणून चालत नाही. गाव त्या काळी कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत (हे तेव्हाचे महसुली विभाग) होतं ते आधी माहीत हवं. आजचा तालुका तिथे कामाचा नाही. ‘प्रांत अजमास’ या विभागात परगणेवार हिशेब आहेत, म्हणून पहिली धाव तिथे. ‘जमाव’ विभागात वतनदारांकडून गोळा झालेले कागद आहेत. यातला मोठा भाग 1852 च्या कायद्याखाली इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशीशी जोडलेला. ओळखपत्र, संशोधनाचा विषय सांगणारा अर्ज आणि ग्रामपंचायतीचं पत्र बरोबर ठेवा. एका दिवसात चार-पाच रुमालांपेक्षा जास्त बघण्याचा हट्ट धरू नका, डोळे थकले की आकडे चुकतात.

या कागदांत गावाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा म्हणजे थळझाडा, थळवार जमिनीची यादी. गावची जमीन थळांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत वाटलेली असे आणि थळाला मूळ मिरासदार घराण्याचं नाव असे. घराणं निर्वंश झालं किंवा परागंदा झालं तरी थळाचं नाव तसंच राही आणि जमिनीपुढे ‘गतकूळ’ असं लिहिलं जाई. म्हणजे आज गावात एकही घर नसलेली आडनावं थळझाड्यात भेटतात. ती गावची हरवलेली घरं. ती कधी गेली हे दोन सालांचे थळझाडे शेजारी ठेवले की अंदाजाने सांगता येतं. मिरासदार आणि उपरी हा भेदही तिथेच दिसतो. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेला, उपरी म्हणजे बाहेरून येऊन कौलाने (करारावर) जमीन कसणारा. ‘आम्ही मूळचे’ असं सांगणारी कित्येक मातब्बर घराणी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी उपरी म्हणून आलेली निघतात. हे लिहिताना कागद समोर ठेवून आणि घरच्यांशी आधी बोलून लिहा.

हेच चित्र एका गावापुरतं जवळून बघायचं असेल तर पुणे-नगर रस्त्यावरचं लोणीकंद घ्या. पेशवाई बुडाल्यावर लगेचच डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने या गावाची बारकाईने पाहणी केली आणि ती 1823 साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या कामकाजात छापली गेली. जमीन, थळकरी (मिरासदार), बलुतेदार, अवजारं, जेवण, कपडे आणि जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज असं सगळं त्यात आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला, ते पुस्तक 1960 साली आलं. पूर्व पुण्यातल्या गावाने आपली प्रश्नावली बनवताना ही दोन्ही वर्णनं शेजारी ठेवावीत, कारण दोनशे वर्षांपूर्वी शेजारच्या गावात काय मोजलं गेलं ते त्यात कळतं. मात्र लोणीचे आकडे उचलून आपल्या गावाला लावू नका.

मोडी शिकणं टाळता येणार नाही. गावातल्या दोघांनी तरी शिकावं. पुराभिलेख विभाग आणि पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्था वर्ग घेतात. अक्षरं पंधरा दिवसांत येतात, कागद सरसकट वाचायला सहा महिने लागतात. सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शाळा-रजिस्टरावर करा, कारण अक्षर सुटं असतं आणि मजकूर ठरावीक. मग पेशवाईकडे वळा. संक्षेप आधी पाठ करा: ‘मौ॥’ मौजे, ‘त॥’ तर्फ, ‘मा॥’ मजकूर, ‘रा॥’ राजश्री, ‘सु॥’ सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी अंकांतली कालगणना), ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख. आकड्यांपुढच्या उभ्या रेघा नीट बघा. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘5॥’ हे साडेपाच आहे. ते ‘511’ असं वाचून गावचा महसूल शंभरपट फुगवलेला छापील इतिहासात सापडतो.

सगळ्यांत जास्त चुका तारखांत होतात, म्हणून एक उदाहरण सावकाश सोडवू. कागदावर ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. हे अरबी अंक, एकक आधी. इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, मिळून 1161. सुहूर सन मृगावर सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे हे साल जून 1760 ते मे 1761. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, ती याच सनात. फसली (महसुली) सन सुहूरपेक्षा 9 ने पुढे, म्हणून तेच साल फसली 1170. शक हवा असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरच्या इसवी सनातून 78 वजा करा, शके 1682 येतो. आता पडताळा: शकात 12 मिळवून 60 ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. 1682 अधिक 12 म्हणजे 1694, बाकी 14, चौदावा संवत्सर विक्रम. कागदावर शके 1682 विक्रमनाम संवत्सरे असेल तर जुळलं. शक, संवत्सर आणि सुहूर यांचा मेळ बसत नसेल तर वाचन चुकलंय, नक्कल चुकलीय किंवा कागदच बनावट आहे. या तिन्ही शक्यता याच क्रमाने तपासा. वाचनात सबैन (70) आणि तिसैन (90) यांची गफलत झाली की वीस वर्षांचा फरक पडतो. समान म्हणजे 8 आणि समानीन म्हणजे 80, तिथेही तसंच.

बनावट कागदाची भीती खरी आहे. वतनाच्या तंट्यात पुरावा म्हणून कागद तयार करण्याची उदाहरणं मराठेशाहीतही आहेत आणि इनाम कमिशनपुढेही. तंट्यात दाखल झालेली करीना, म्हणजे वादीने सांगितलेली हकिकत, ही एका बाजूची असते. तिच्यातला ‘आमचे मूळपुरुष येऊन गाव वसवला’ हा भाग दावा म्हणून नोंदवा, घटना म्हणून नको. महजर जास्त भरवशाचा, कारण तो गोतसभेच्या (गावच्या आणि जातीच्या पंचांच्या सभेच्या) निवाड्याचा असतो आणि खाली हजर लोकांची नावं व निशाण्या असतात. पाटील-कुणब्याच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. गावात कोणत्या जातीची कोणती घरं होती याची ती यादीच समजा. मजकुराइतकंच लक्ष त्या शेवटच्या पानाकडे द्या.

शिवकालात आणि त्याआधी गेलात तर जमीन बिघे आणि चावरांत येते. 20 चौरस काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा, 120 बिघ्यांचा चावर. काठीची लांबी काळानुसार आणि प्रांतानुसार बदलते (शिवाजी महाराजांच्या काळची पाच हात पाच मुठींची सांगतात), म्हणून बिघ्याचे एकर करून छापू नका. मूळ माप तसंच ठेवा.

आता ते देवळाजवळचे दगड. वीरगळ असेल तर खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत मेलेला वीर किंवा लढाई, कडेला गाई असतील तर गोधन सोडवताना आलेलं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो, माथ्यावर कळस, चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. गधेगळावर शापाचं चित्र असतं, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. गधेगळावर बहुधा लेख असतो, म्हणून तो सगळ्यांत आधी तपासा. लेख नसलेल्या वीरगळाला नेमकं साल देता येत नाही. ‘मध्ययुगीन’ एवढंच लिहा. त्याला शिवाजी महाराजांच्या मावळ्याचं स्मारक ठरवण्याचा मोह आवरा, कारण पुष्कळ वीरगळ त्याच्या कितीतरी शतकं आधीचे आहेत. तसंच चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक देऊळ हेमाद्रीने बांधलेलं नसतं. तो यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, आणि त्या पद्धतीची देवळं त्याच्या आधीपासून बांधली जात होती.

दगडाचा फोटो दुपारी काढू नका. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, तिरप्या उन्हात, नाहीतर रात्री बॅटरी कडेने धरून. अक्षरांच्या सावल्या पडल्या की पुसट लेखही उठून येतो. चारही बाजूंनी उजेड देऊन चार फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. मऊ ब्रश आणि साधं पाणी एवढंच वापरा. खडू, पीठ, तेल, तारेचा ब्रश, आम्ल काहीही नको. शेंदराचे थर खरवडू नका. लोकांची श्रद्धा दुखावते आणि दगडाचा पापुद्रा शेंदराबरोबर निघतो. रंग देऊन ‘जतन’ केलेले लेख कायमचे गेले आहेत, तेव्हा सप्ताहाच्या आधी रंगाऱ्याला तो दगड दाखवून ठेवा.

जुन्या गावठाणाच्या पांढरीवर पहिल्या पावसानंतर फिरा. राखट पांढुरकी माती, खापऱ्या, बांगड्यांचे तुकडे दिसतील. खणू नका, जागा नकाशावर टिपा आणि वरवर पडलेल्या खापऱ्यांचे फोटो पुरातत्त्व जाणणाऱ्याला दाखवा. शिरूर तालुक्यातलं इनामगाव असंच घोड नदीकाठचं टेकाड होतं. डेक्कन कॉलेजने 1968 पासून दीड दशक तिथे उत्खनन केलं आणि इ.स.पू. 1600 ते 700 च्या दरम्यानच्या शेतकरी वस्तीची घरं, धान्याच्या जागा, दफनं उजेडात आली. खापऱ्या मिळाल्या म्हणजे वस्ती तेव्हापासून सलग आहे असं मात्र ठरत नाही. इनामगावची ती वस्तीही उठून गेली होती. नाणी-दागिने सापडले तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याची घाई सगळ्यांना असते. खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे मोठं, हे फारसीवरून आलेले शब्द. एवढं पक्कं. बाकी ‘पांडव इथे थांबले म्हणून’ छापाच्या कथा परंपरा म्हणून द्या. जुन्या लेखातलं नाव आपल्याच गावाचं आहे हे ठरवायची कसोटी एकच, शेजारी. तळेगाव ढमढेरे इथे सापडलेल्या राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या 768 सालच्या ताम्रपटात दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा दिल्या आहेत. त्यात थिउरग्राम आणि आळंदियग्राम येतात, उत्तरेला मुळा नदी येते. थेऊर आणि चोराची आळंदी एकमेकांच्या जवळ आणि नदीच्या योग्य बाजूला आहेत, म्हणून ती ओळख टिकते. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर ती टिकली नसती, कारण आळंद्या एकाहून जास्त आहेत.

गाव दुसऱ्या भागातलं असेल तर वाट बदलते. मराठवाड्याचे जुने कागद उर्दू-फारसीत आणि निजामी दप्तरांत, हैदराबादपर्यंत जावं लागतं. तहसीलला 1950 च्या दशकातली खासरा आणि पाहणी पत्रकं मिळतात. नागपूरकडे मालगुजारी, कोकणात खोती (ती 1949 च्या कायद्याने गेली), गोव्यात गावकरी म्हणजे कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची संस्था) आणि पणजीचं पुराभिलेखागार. संस्थानी गाव असेल तर त्या संस्थानाचं दप्तर. जिल्हा फुटला असेल तर जुने कागद मूळ जिल्ह्यातच राहिलेले असू शकतात.

म्हाताऱ्या माणसांना ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका. खुणेच्या घटना द्या: पानशेत फुटलं तेव्हा (12 जुलै 1961), कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), बाहत्तरचा दुष्काळ, गांधीवधानंतरची जाळपोळ. ‘विहीर पडली तेव्हा पानशेत फुटलं होतं का?’ याला उत्तर नक्की मिळतं. एका बैठकीला तासापेक्षा जास्त नको. आवाज ध्वनिमुद्रित करा, सुरुवातीला तारीख, जागा आणि सांगणाऱ्याची संमती बोलून घ्या. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या आळ्यांत विचारा. पाटलाच्या वाड्यावर ऐकलेला दुष्काळ आणि रोजगार हमीच्या खडीवर बसलेल्या बाईने सांगितलेला दुष्काळ एक नसतो, आणि पुस्तकात दोन्ही हवेत. पाणवठा कोणाला खुला होता, कोणाला नव्हता, तो कधी खुला झाला, हे लाजून गाळू नका. सून म्हणून आलेल्या बायकांना माहेर विचारा, साठ-सत्तर नावं झाली की गावाच्या सोयरिकीचा नकाशा तयार होतो. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी नावाचे लोक घराण्यांच्या वंशावळी सांगतात, आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं असतात. त्या पिढ्या फेरफारांशी ताडून बघा.

लिहिताना प्रत्येक विधानामागे कंसात खूण ठेवा: फेरफार क्रमांक, रुमाल क्रमांक, दगडाची जागा किंवा सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. ज्याला खूण नाही ते ‘सांगतात’ या शब्दाने सुरू करा. जिवंत माणसांची कर्जं, फौजदारी नोंदी, घरातले तंटे छापू नका. दोन जण रोज थोडा वेळ देणारे असतील तर हे सगळं काम दीड ते दोन वर्षांचं आहे, आणि त्यातलं अर्धं नकला मिळवण्यात जातं.

फोटोंना नाव देताना गाव, कचेरी, नोंदवही, साल, पान असा एकच क्रम शेवटपर्यंत पाळा. तीन हजार फोटो झाल्यावर तो बदलता येत नाही. सगळ्याचा एक संच शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक गावाबाहेर ठेवा. मूळ कागद कोणाच्या घरी सापडला तर तो मागून घेऊ नका. तिथेच फोटो काढा, कागदाला लॅमिनेशन करू देऊ नका, घड्या उलगडून सुती कापडात सपाट ठेवायला सांगा आणि दर पावसाळ्यानंतर कसर लागली का ते बघायला पुन्हा त्या घरी जा.